निखिल, नाहीतर देवयानी

झिरकपूर
३ फेब्रुवारी २०२५

निखिल,

बाबांचं तेरावं काल झालं आणि आज सकाळी तुझी मेल आली. बाबांच्या कागदाचा फोटो, त्यातल्या एका शब्दाभोवती लाल वर्तुळ, खाली इंग्रजीत एकच ओळ: 'हा ऑर कोणी लिहिला?' तेरावं होईपर्यंत थांबलास, एवढी रीत पाळलीस. अग्नी देऊन पाचव्या दिवशी तू कॅल्गरीला परत गेलास. दहावा आणि तेरावं मी केलं, तेव्हा किती माणसं जेवली हे काही तू विचारलं नाहीस.

मी हाताने, मराठीत लिहितेय आणि कुरिअरने पाठवतेय. फोन केला की दुसऱ्या वाक्याला तू फोन हरलीनकडे देतोस, आणि मग तुझी बायको मला सांगत बसते की 'दीदी, ही इज व्हेरी हर्ट.' हे पत्र तिला वाचता येणार नाही. ते तुला एकट्यालाच वाचावं लागेल, आईने शिकवलं तसं, ओळीखाली बोट ठेवून.

तर ऑर. तो मी लिहिला. अख्खा कागदच मी टाईप केला, तुला हे माहीत नव्हतं का? सेक्टर एकोणचाळीसच्या संस्थेत तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला इंग्रजी वाचता येत होतं, टायपिंग येत नव्हतं. आणि घरात इंग्रजी शिकवणारी मी होते.

तो कागद कशासाठी केला तेही तुला ठाऊक नसणार, कारण तेव्हा तू विचारलं नव्हतंस. पंचकुल्याचे चंद्रकांतकाका आठवतात? मंडळाच्या गणपतीत दरवर्षी आरतीला झांज वाजवायचे ते. दोन वर्षांपूर्वी ते सात आठवडे व्हेंटिलेटरवर होते. त्यांची दोन्ही मुलं रोज यायची, डॉक्टरांना 'बघा काही जमतंय का' म्हणायची आणि निघून जायची. बाबा दर रविवारी काचेतून त्यांना बघून येत. काका गेले त्या दिवशी स्मशानातून परतताना बाबा गाडीत म्हणाले, "माझा कागद कर. मला असं लटकवून ठेवायचं नाही." बाबांच्या फुप्फुसांचं तेव्हा नुकतंच कळलं होतं. फुप्फुसं हळूहळू चामड्यासारखी होत जातात, म्हणाले होते डॉक्टर, आणि एकदा मशीनवर गेले तर परत येणं अवघड.

म्हणून ऑगस्ट तेवीसमध्ये आम्ही कागद केला. दोन साक्षीदार होते, एक वरच्या मजल्यावरच्या मीनाक्षीताई आणि दुसरे बाबांच्या हाताखाली स्टोअरमध्ये काम केलेले बाबुराव. कागदात लिहिलं की बरं होण्याची आशा नसेल तर मशीन नको, आणि मी बोलू शकत नसेन तेव्हा हा निर्णय माझा मुलगा निखिल ऑर माझी मुलगी देवयानी घेईल.

आता तुला हा शब्द शिकवते, परदेशी जाणाऱ्या मुलांच्या माझ्या आयेल्ट्सच्या बॅचला शिकवते तसाच. मागच्या वर्षी मोग्याहून आलेली एक मुलगी होती. व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न होता: तुम्हाला कधी व्हिसा नाकारला गेला आहे ऑर देश सोडायला सांगितलं आहे? तिने 'नाही' लिहिलं. म्हणाली, मॅम, दोन्ही कुठे झालंय, एकच झालंय. पोरीला खोटं बोलली म्हणून पाच वर्षं बंदी आली. तेव्हापासून मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, ऑर म्हणजे दोहोंपैकी एक पुरे. दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही.

एकवीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता मी सही केली. दुपारी पावणेतीनला बाबा गेले. तू दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलास. त्या कागदाप्रमाणे माझी एकटीची सही पुरेशी होती. कायद्याने यात काही चुकलेलं नाही, हवं तर तिथल्या कोणत्याही वकिलाला विचार.

देवयानी


झिरकपूर
२३ फेब्रुवारी २०२५

निखिल,

वकिलाऐवजी तू बाबुरावांना विचारलंस. हुशार आहेस.

ते काल इथे आले होते. दारात चपला काढून तिथेच उभे राहिले, आत येईनात. सत्तरीचा माणूस, मांजरासारखा अंग चोरून उभा. "ताई, निखिलसाहेबांचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, बाबा मराठीत काय बोलले होते. मी खोटं बोललो नाही. तुम्ही रागवू नका." मी म्हटलं, तुम्ही बसा तरी. चहा अर्धा टाकून गेले.

म्हणजे तुला कळलंच. मग मीही लिहिते.

कागद केला त्या दिवशी डायनिंग टेबलाशी आम्ही तिघं होतो, बाबा, बाबुराव आणि मी. बाबा खुर्चीत डोळे मिटून सांगत होते आणि मी लॅपटॉपवर इंग्रजी करत होते. निर्णय कोण घेणार हे आलं तेव्हा ते जराही न अडखळता म्हणाले, "निखिल, नाहीतर देवयानी."

'निखिल किंवा देवयानी' असं ते म्हणाले नाहीत. तुझं मराठी बेताचं आहे म्हणून सांगते. 'चहा किंवा कॉफी द्या' म्हटलं की दोन्ही सारखेच. 'चहा द्या, नाहीतर कॉफी' म्हटलं की माणसाला चहा हवाय. चहा संपला असेल तर कॉफीवर भागवेल.

अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिले. देवेंद्रशी फारकत झाल्यावर बॅग घेऊन क्वार्टरमध्ये आले ती तिथून या फ्लॅटमध्ये त्यांच्यासोबतच. त्यांचा इन्हेलर कुठल्या खिशात असतो, रात्री किती उशा लागतात, कुठली भाजी खोकला आणते, हे मला माहीत. तू रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं. आणि मी कॉफी.

आई गेली तेव्हाचं आठवतं? दोन हजार पंधराचा मे महिना होता. तू येईपर्यंत तीन दिवस तिला शीतपेटीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, मी देते अग्नी, तिला किती दिवस असं ठेवायचं? बाबा म्हणाले, "निखिल निघालाय. नाहीतर तू आहेसच." अगदी प्रेमाने म्हणाले, डोक्यावर हात ठेवून. त्यांना कळलंच नाही की ते काय बोलले. मी त्या तीन दिवसांत चार वेळा आईला बघायला गेले. तिच्या पापण्यांवर दव धरलं होतं. तू आलास तेव्हा तिला बाहेर काढून, पुसून, हार घालून ठेवली होती. तू तिला तशी पाहिलीच नाहीस.

माझा दोष एवढाच की मी 'नाहीतर'ला 'ऑर' लिहिलं. 'नाहीतर'साठी इंग्रजीत सुटसुटीत शब्द नाही. भाषांतरात एवढं इकडचं तिकडे होतंच.

तुझ्या परवाच्या मेलमध्ये तू 'फ्रॉड' असा शब्द वापरला आहेस. तो शब्द तू जपून ठेव, कधी लागला तर.

देवयानी


झिरकपूर
१६ मार्च २०२५

निखिल,

गुरुवारी तू फोन केलास. हरलीन नव्हती, तू एकटा होतास. हिंदीत म्हणालास, "दीदी, बस इतना बता दो. बाबा को पता था कि आपने क्या लिखा है?" आणि मी फोन कट केला. नंतर तू चारदा लावलास, तेव्हा मी बॅचला कंडिशनल शिकवत होते. टेबलावर फोन थरथरत होता आणि मुलं हसत होती.

इतना बता दो, म्हणालास. बताती हूँ.

मागच्या पत्रात मी लिहिलं की 'नाहीतर'साठी इंग्रजीत सुटसुटीत शब्द नाही. आहे. 'फेलिंग हिम' लिहिता आलं असतं. 'इफ ही इज नॉट अव्हेलेबल' लिहिता आलं असतं, ते तर आठवीतल्या मुलाला येतं. पंचवीस वर्षं मी हेच शिकवतेय. टेबलाशी बसून मी आधी तसंच टाईप केलं होतं. मग बाबा पाणी प्यायला उठले. स्क्रीनवर ते वाक्य माझ्यासमोर होतं, तुझं नाव आणि मग तू नसलास तर मी. मी तेवढे शब्द खोडले आणि दोन अक्षरं टाकली. एवढंच केलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

आता बाबांना माहीत होतं का. सेक्टर त्रेचाळीसच्या कोर्टाबाहेर नोटरीच्या रांगेत आम्ही उभे होतो, ऑगस्टचं ऊन. बाबुराव आणि मीनाक्षीताई सावलीला बसले होते. बाबांनी चष्मा लावून कागद शेवटचा वाचला. बोट ठेवून वाचला, तू हे वाचतोयस तसाच. बोट थांबलं.

"देवयानी, हा ऑर म्हणजे नाहीतरच ना?"

मी म्हटलं, "हो बाबा. तोच."

"नक्की? तुझ्या इंग्रजीवर चाललंय सगळं."

"नक्की."

त्यांनी सही केली. मला विचारलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून त्यांना माहीत नव्हतं. झालं तुझं समाधान?

आता बाकीचंही ऐक, कारण तुझ्या डोक्यात एकच चित्र असणार, दीदीने घाई केली आणि मशीन बंद केलं. बारा जानेवारीला रविवारी त्यांना न्यूमोनिया म्हणून भरती केलं. पंधराला, बुधवारी सकाळी, त्यांचा श्वास अचानक गेला. मी खाली औषधं आणायला गेले होते. ड्युटीवरच्या डॉक्टरने नळी घातली. कागद माझ्या पर्समध्ये होता, त्याला कोण दाखवणार? मी वर आले तेव्हा छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत होती. हात पलंगाला बांधले होते. मी तुला दुपारी फोन केला. तू म्हणालास, "डू एव्हरीथिंग, दीदी. एव्हरीथिंग. मी येतोय." आणि तिकीट घेतलंस पुढच्या सोमवारचं. रविवारी मुलीची आइस स्केटिंगची फायनल होती.

मी कागद दिला. दोन वेगवेगळ्या समित्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, हॉस्पिटलने सगळे नियम पाळले. सोमवारी संध्याकाळी त्यांचं एकमत झालं की आता हे परत येणार नाहीत. मंगळवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भले गृहस्थ, होशियारपूरकडचे. म्हणाले, "भाई साहब कल पहुँच रहे हैं ना? आप चाहें तो एक दिन रुक जाते हैं, मैडम. कोई जल्दी नहीं."

कोई जल्दी नहीं. खरंच नव्हती. सहा दिवस झाले होते, सातवा झाला असता.

मी म्हटलं, "डॉक्टर साहब, कागज में ऑर लिखा है. पढ़ लीजिए."

त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

का थांबले नाही, तेही सांगते. तू आला असतास तर 'अजून दोन दिवस बघू' म्हणाला असतास. मग अजून चार. तू बाबांच्या पायाशी रडला असतास आणि सगळ्या नर्सेस तुझ्याकडे बघत राहिल्या असत्या, मुलगा परदेशातून आला म्हणून. आणि बाबांना जे नको होतं तेच झालं असतं, चंद्रकांतकाकांचं झालं तसं. हे खरं कारण आहे.

अजूनही एक आहे. आयुष्यात एकदा तरी ठरवणारी मी असावी असं मला वाटलं. त्या खुर्चीत बसून, पेन हातात घेऊन मला तसं वाटलं, निखिल. बरं वाटलं. बाबा मरत होते आणि मला अर्धा क्षण बरं वाटलं. तुझ्या 'फ्रॉड'पेक्षा हे वाईट आहे, मला कळतं. पण तू विचारलंस, बाबांना माहीत होतं का. विचारायचंच तर हे विचारायचं होतंस.

हॉस्पिटलवर तक्रार करणार असशील तर त्या मोठ्या डॉक्टरांचं नाव मध्ये आणू नको. त्यांनी कागद वाचला आणि कागदाप्रमाणे केलं. माझ्यावर कर.

देवयानी


झिरकपूर
१८ जानेवारी २०२६

निखिल,

दहा महिन्यांनी लिहितेय. तू तक्रार केली नाहीस. त्या मार्चच्या पत्राला उत्तरही दिलं नाहीस. मी समजले की हे असंच राहणार. मग डिसेंबरात दोन ओळींची मेल आली, बाबांच्या वर्षश्राद्धाला येतोय, एकटाच, तीन दिवस.

तू आलास तेव्हा पंचकुल्याहून येणाऱ्या गुरुजींची गाडी झिरकपूरच्या चौकात दीड तास अडकली होती, आणि आपण दोघं पाटावर समोरासमोर बसून होतो, पिंडांचं सगळं मांडून. तुझे केस पांढरे झालेत. धोतर नेसता येत नव्हतं म्हणून मीनाक्षीताईंच्या यजमानांना बोलावलं. गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी सांगितलं. वाढताना तू मला म्हणालास, "तू पण बस ना." मी म्हटलं, तू जेव, मी नंतर. मग तू माझं पान वाढून घेतलंस आणि मी बसेपर्यंत भाताला हात लावला नाहीस.

तीन दिवस आपण बाबांचं कपाट आवरलं. स्वेटर बाबुरावांना दिले. त्यांनी ते छातीशी धरले आणि रडले, आणि तू त्यांच्या पाठीवरून हात फिरवलास. तुला हे जमतं. मला जमत नाही.

निघायच्या दिवशी मी तुला विमानतळावर सोडायला आले. धुक्याने विमान दोन तास उशिरा होतं, म्हणून आपण बाहेर कॉफीच्या गाड्याजवळ उभे राहिलो. तू कागदी कपाकडे बघत म्हणालास,

"मी असतो तर सही केलीच नसती. हे तुला माहीत होतं."

"हो."

"और बाबा को भी पता था. म्हणजे माझ्याबद्दल. की मी नाही करू शकणार."

"माहीत असेल. तरी त्यांनी तुझंच नाव पहिलं घेतलं."

तू कप गाड्यावर ठेवलास. मग म्हणालास, "तू केलंस ते त्यांना हवं होतं तेच केलंस. आय नो दॅट. वर्षभर मी त्या एका शब्दावर अडून बसलो, कारण बाकी कशावर रागवू ते कळत नव्हतं. पण एक दिवस तरी द्यायचास, दीदी. मला फक्त त्यांचा हात धरायचा होता. गरम असताना."

मी म्हटलं, "चुकलं माझं." हे शब्द मी तुला जन्मात पहिल्यांदा म्हटले.

तू मान हलवलीस. मग दाराकडे जाता जाता वळलास आणि विचारलंस, "बाबा माझ्याबद्दल काही बोलले होते? शेवटी?"

मी म्हटलं, "नाही रे. वेळच मिळाला नाही. बुधवारी सकाळी एकदम झालं सगळं."

तू मला मिठी मारलीस. कॅल्गरीला पोचल्यावर फोन केलास. परवा परत केलास. मुलीला फोनवर आणलंस, तिने 'हॅपी संक्रांत, आत्या' म्हटलं. काल तू विचारलंस, "जेवलीस का?" बाबा विचारायचे तसंच, मराठीत. मी फोन ठेवला आणि मला जेवता आलं नाही.

निखिल, तू ज्याबद्दल मला माफ केलंस ते मी केलेलं सगळं नाही. दहा महिन्यांपूर्वी मी तीन-तीन पत्रं लिहिली, खोडलेले शब्द, नोटरीची रांग, डॉक्टरांची केबिन, सगळं कबूल केलं. ते कबूल करता येत होतं. त्याच्या आडोशाला एक दिवस ठेवला होता, तो कोणालाच सांगितला नाही. तुझी चूक एवढीच की तू विमानतळावर बरोबर तोच विचारलास.

मंगळवार, चौदा जानेवारी. नळी घालायच्या आदला दिवस. संक्रांत होती. बाबा वॉर्डात होते, तोंडावर मास्क, पण पूर्ण शुद्धीत. सकाळपासून मी त्यांच्याजवळ होते. त्यांचं तोंड पुसलं, पाठ शेकली, चमच्याने पेज भरवली, बेडपॅन दिलं. तिळाचा एक दाणा त्यांच्या जिभेवर ठेवला, तो त्यांना गिळता आला नाही. त्या सबंध दिवसात ते माझ्याशी काही बोलले नाहीत, दम लागायचा. दुपारी चार वाजता त्यांनी स्वतःच्या हाताने मास्क बाजूला केला. मला वाटलं माझ्याशी बोलायचंय. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"निखिलला फोन लाव."

मी म्हटलं, "तिकडे पहाटेचे साडेतीन वाजलेत, बाबा. झोपला असेल."

"उठेल. माझा फोन म्हटल्यावर उठेल. दोन शब्द बोलायचेत त्याच्याशी."

मी मास्क परत लावला. त्यांनी परत काढला. "लाव ना गं."

मी माझा फोन हातात घेतला. खिडकीशी गेले, त्यांच्याकडे पाठ केली. फोन कानाला धरला. थोडा वेळ तशीच उभी राहिले, रिंग जायला जितका वेळ लागतो तितका. मग वळून म्हटलं, "उचलत नाहीये, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, परत लावते. परत तसंच केलं. परत म्हटलं, "नाही उचलत."

तेव्हा त्यांनी मास्क स्वतःच नीट लावला. आतून आवाज नीट येत नव्हता, पण मला कळलं ते काय म्हणाले. "असू दे. दमला असेल बिचारा."

त्यानंतर ते कोणाशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी गेली.

तुझा फोन त्या दिवशी वाजलाच नव्हता, निखिल. मी नंबरच लावला नव्हता.

देवयानी